बिनवशिंडाचा नंदी

तान्ह्या पोळ्याच्या रांगेत
आमचा लाकडी नंदी दुरूनच ओळखू यायचा.
त्याला वशिंड नसायचं.
पोरं चिडवायची, सरपात्यांचा बैल हाय का म्हैस?
आबाजी म्हणत, "लाकूड वाचते ना बाप्पा,"
आणि पुढच्या साली पुन्हा तसाच कोरत,
सागाचा, सपाट पाठीचा.
कोणत्या मुलखातल्या गोठ्यात पाहिलेला,
त्यांनाही ठाऊक नव्हतं.

रंध्याला आमच्या घरी राबो म्हणत.
"राबो आण वं, पटाशीजवळ हाय."
मला वाटे, राबतो म्हणून राबो.
लग्न होऊन नक्षण्यांच्या घरी आले,
पावसाळ्यात दार फुगलं,
मी म्हटलं, राबो द्या, घासून टाकते.
सासरे नुसते बघत राहिले.

मग कनकाचा, माझ्या भाचीचा,
नर्सिंगला नंबर लागला
आणि जात पडताळणीत अर्ज अडला.
आडनाव मूळचं कुठलं?
भाऊ म्हणाला, "वर्धा नदीच्या अल्याडचं."
साहेब म्हणाले, जुना कागद आणा.
आणला. आणखी जुना आणा.
शाळेच्या दाखल्यावर सरपाते,
कोतवाल बुकात सारपांते,
मालगुजाराच्या वहीत
वाळवीनं सोडलेल्या अर्ध्या पानावर
शारपांत्ये. कौम फिरंगी.

नागपूरला फ्रेंच शिकवणाऱ्या आसोलकर बाई
आता रिटायर आहेत, कानानं कमी.
त्यांनी झेरॉक्स उजेडात धरली,
दोनदा वाचली, म्हणाल्या,
"अहो, याचा अर्थ सुतारच."
भाऊ बाहेर येऊन पायरीवर बसला, हसत सुटला.
"समुद्र पार करून आला
अन् सुतारचा सुतार. मंग अडलं कुठं?"

बाकी आम्हीच जोडलं,
खाचेत खुंटी ठोकावी तसं.
पुदुच्चेरीला जहाजातून उतरला असेल,
हैदराबादेवरून वर आला असेल
भोसल्यांच्या तोफगाड्यांची चाकं करायला.
फौज मोडली, तोफा गेल्या.
चाकं तीच, ती बंडीला बसली.
त्याच्या नावाचा खरबरीत भाग
गावानं बोलता बोलता तासला,
एका पिढीत एक छिलका, दुसरीत दुसरा,
जिभेला कूस लागणार नाही
इतका गुळगुळीत होईस्तोवर.

समितीसाठी भावानं वंशावळ काढली.
तो, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा,
आबाजी, बाबा, भाऊ, कनका.
मी त्यात नाही. लागत नाही म्हणे.

मालगुजाराच्या वहीत शेवटी लिहिलंय,
बायको एक, लेकरं तीन, बंडी एक, बैल नाही.

बायको एक.
पटाशी तिचा शब्द, भाकर तिचा,
माय तिचा, हाय नाही तिचे,
लेकराला झोपवताना जे काही म्हटलं ते तिचं.
त्याचा एवढा एकच, राबो.
आणि नाव.

त्याचं नाव बदलायला
फौज मोडावी लागली, तीन पिढ्या लागल्या.
माझं बदललं
आर्वी रोडनं सत्तावीस किलोमीटर,
ट्रॅक्समध्ये, मधल्या सीटवर,
मांडीवर रुखवताची परात.
त्याचा कागद कोणी मागत नाही.

कनकाचं अजून पेंडिंग आहे.
बुधवारी या, म्हणाले.

काल अंगणात
नक्षण्यांचा धाकटा, माझा नातू,
पोळ्यासाठी लाकडाचा तुकडा घेऊन बसलेला.
"आजी, राबो कुठं ठेवला वं?"
मी म्हटलं, पटाशीजवळ हाय.
आणि वशिंड ठेवायचं की नाही
ते त्याच्यावर सोडून
भाजी निवडायला आत गेले.